ग्राहकहक्क, घरपोच किराणा व्यवहारांतील

दुकानात न जाता मागविलेला किराणा माल, भाजीपाला, फळे, दूध इ. नित्योपयोगी वस्तू घरी पोचविल्या जाताना कमी, निराळ्या, सदोष किंवा उशिरा मिळाल्यास अथवा पैसे घेऊनही मुळीच न मिळाल्यास ग्राहकास कायद्यानुसार प्राप्त होणारे हक्क. ऑनलाइन किराणा खरेदी हा या व्यवहाराचा अलीकडील प्रकार असला, तरी त्यामागील प्रश्न फार जुना आहे. विकत घेतलेला माल पारखून पाहण्याची संधी ग्राहकास केव्हा मिळावी आणि पारख चुकल्यास तोटा कोणी सोसावा, हा तो प्रश्न होय. दुकानात ग्राहक प्रथम माल पाहतो, तराजूचा काटा पाहतो आणि मग पैसे देतो. घरपोच व्यवहारात, विशेषतः पैसे आगाऊ भरले असल्यास, हा क्रम उलटतो : पैसे आधी दिले जातात, वजन ग्राहकाच्या पाठीमागे होते आणि माल सर्वांत शेवटी दृष्टीस पडतो. या हक्कांचा इतिहास म्हणजे अंतरामुळे ग्राहकाच्या हातून निसटलेली पारख कायद्याने त्यास परत मिळवून देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

प्राचीन विचार : खरेदीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाची दखल भारतीय धर्मशास्त्राने घेतली होती. ‘अनुशय’ या संज्ञेने ओळखला जाणारा हा विषय मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी एक असून विकलेली वा विकत घेतलेली वस्तू दहा दिवसांच्या आत परत देण्याची वा घेण्याची मुभा तीत सांगितली आहे. नारदस्मृतीतील विवेचन अधिक बारकाईचे आहे. घेतलेला माल त्याच दिवशी न बिघडविता परत करता येई. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किंमतीचा तिसावा भाग व तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट भाग ग्राहकास सोडावा लागे आणि त्यानंतर माल ग्राहकाचा होई. पारखण्याची मुदतही वस्तूच्या स्वरूपानुसार ठरविलेली होती : दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच दिवस, बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस. दोष उघड होण्यास जितका काळ लागतो तितकी मुदत द्यावी, हे त्यामागील तत्त्व होय. कौटिलीय अर्थशास्त्रातही व्यापाऱ्यांच्या व्यवहारांत एक रात्र, शेतकऱ्यांच्या तीन व गोपालकांच्या पाच रात्री अशी अनुशयाची मुदत आढळते. वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या पौतवाध्यक्षाची कर्तव्ये व व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण यांसाठी त्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरणे आहेत.

ब्रिटिश अमदानीतील कायदे : मालविक्रीविषयीचे आधुनिक नियम प्रथम १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमात समाविष्ट होते. ते वेगळे काढून १८९३ च्या इंग्लिश कायद्याच्या धर्तीवर १९३० चा मालविक्री अधिनियम करण्यात आला. ‘खरेदीदारा, सावध रहा’ हे इंग्लिश विधितत्त्व त्यातही मूळ धरून आहे. तथापि वर्णनावरून केलेल्या विक्रीत माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, तसेच त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य प्रतीचा असला पाहिजे, अशा गर्भित अटी त्याने घातल्या. पडद्यावर चित्र व वर्णन पाहून केलेली आजची खरेदी ही विधिदृष्ट्या वर्णनावरून केलेलीच खरेदी ठरते.

घरपोच व्यवहाराच्या दृष्टीने या अधिनियमातील आणखी काही कलमे महत्त्वाची आहेत. ठरल्यापेक्षा कमी माल पाठविल्यास ग्राहक तो नाकारू शकतो. ठेवून घेतल्यास मात्र तेवढ्याच मालाचे पैसे द्यावे लागतात. ठरल्यापेक्षा अधिक माल आल्यास जादा माल वा सर्वच माल नाकारता येतो. मागणी न केलेल्या वर्णनाचा माल मिसळून आल्यास ग्राहकास योग्य तेवढा माल ठेवून बाकीचा नाकारता येतो किंवा सर्वच परत करता येतो (कलम ३७). माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानले जात नाही (कलम ४१). मात्र वाजवी काळ लोटूनही नकार कळविला नाही, तर स्वीकृती गृहीत धरली जाते (कलम ४२). नाकारलेला माल स्वतः परत नेऊन देण्याचे बंधन ग्राहकावर नाही, नकार कळविणे पुरेसे असते (कलम ४३). या तरतुदी करारान्वये बदलता येतात व विक्रेत्यांच्या छापील अटींमध्ये त्या पुष्कळदा बदललेल्या असतात, ही त्यांची मर्यादा होय.

दूरवरून माल मागविण्याची सवय सामान्य जनतेस लागली ती टपालामुळे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या व्हॅल्यू पेएबल पोस्ट (व्ही.पी.) पद्धतीत पोस्टमनला किंमत चुकती केल्याशिवाय पुडके ताब्यात मिळत नसे. पुस्तके, औषधे वगैरे वस्तू अशा रीतीने खेडोपाडी पोचल्या. परंतु पुडके उघडण्यापूर्वी पैसे देण्याची पद्धतही त्याबरोबर रूढ झाली. पैसे आधी व पारख नंतर, हा क्रम आला तो असा.

महाराष्ट्रातील किराणा व्यवहार : विसाव्या शतकात मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत महिन्याच्या मालाची यादी वाण्याकडे देण्याची पद्धत होती. दुकानातील नोकर माल घरी आणून टाकी व रक्कम खात्यावर मांडली जाई. डाळीत खडे निघाले किंवा तूर डाळीऐवजी दुसरी डाळ आली, तर ती त्याच नोकराबरोबर परत जाई. या व्यवहाराचा आधार कायदा नसून उभयतांची ओळख हा होता. ओळखीचा हा आधार दुबळाही ठरे. कारण ज्याची उधारी थकली आहे, तो ग्राहक वजनाबद्दल तक्रार करण्यास कचरत असे. शेर, पायली, अधोली, मापटे ही मापे गावोगाव निराळी असल्याने कमी माल मिळाल्याचे सिद्ध करणेही अवघड जाई.

ही अडचण वजनमापांच्या प्रमाणीकरणाने बरीचशी दूर झाली. १९५६ च्या कायद्यानुसार दशमान वजने व मापे स्वीकारण्यात आली व १९५८ ते १९६२ या काळात ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तत्पूर्वी १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम संमत झाला होता. पुढे सुटा माल मागे पडून पुडक्यांतील माल वाढला, तेव्हा १९७७ च्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी वेष्टनावर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचे नाव इ. तपशील छापणे बंधनकारक केले. वेष्टनामुळे माल डोळ्यांआड गेला. त्याची भरपाई छापील मजकुराने करावी, असा या नियमांचा आशय होता.

ग्राहक चळवळ : १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींच्या पुढाकाराने कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९७२ च्या सुमारास धान्य, तेल, साखर यांची टंचाई व महागाई यांविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मुंबईत स्त्रियांनी लाटणे मोर्चे काढले. १९७४ मध्ये पुणे येथे बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याच्या मालाची एकत्रित मागणी नोंदवावयाची, घाऊक खरेदी करून माल गटाकडे पोचवावयाचा आणि सभासदांनीच तो आपसांत वाटून घ्यावयाचा, अशी तिची योजना होती. घरपोच किराण्याच्या इतिहासात या योजनेस विशेष स्थान आहे. कारण तीत मालाची निवड व पारख ग्राहकांच्या संघटनेकडे राहिली आणि एकट्या कुटुंबाची तक्रार ही गटाची तक्रार झाली.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात सुरक्षितता, माहिती, निवड व म्हणणे ऐकले जाणे हे ग्राहकांचे चार हक्क मांडले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. या पार्श्वभूमीवर भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम झाला व २४ डिसेंबर १९८६ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय निवारण यंत्रणा उभी केली. दिवाणी न्यायालयाचा खर्च व विलंब टाळून, वकिलावाचूनही दाद मागता यावी, हा तिचा हेतू होता. प्रारंभी तक्रारीस शुल्कही नव्हते. चार रुपयांच्या मालासाठी कोण कोर्टाची पायरी चढणार, या समजुतीवर विसंबून चालणाऱ्या व्यापाराला या कायद्याने प्रथमच शह दिला.

ऑनलाइन किराणा : २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली आणि त्यातील २००८ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून केलेले करार केवळ त्या कारणास्तव अवैध ठरणार नाहीत, असे स्पष्ट केले. बंगळूर येथे १९९९ मध्ये फॅबमार्ट व २०११ मध्ये बिगबास्केट, तर २०१३ मध्ये ग्रोफर्स या कंपन्या सुरू झाल्या. मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अनेक कुटुंबांनी या मार्गाचा प्रथमच अवलंब केला. त्यानंतर काही मिनिटांत माल पोचविण्याचा प्रघात शहरांत पसरला. त्यासाठी वस्त्यांजवळ ग्राहकांना प्रवेश नसलेली गोदामवजा दुकाने उघडण्यात आली. माल कोठे व कोणत्या स्थितीत साठविला जातो हे पाहणे ग्राहकास या व्यवस्थेत शक्य नसल्यामुळे ते काम शासकीय तपासणीवर येऊन पडले. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणीत आढळलेल्या त्रुटींमुळे धारावी येथील अशा एका गोदामाचा परवाना निलंबित केला होता.

या व्यवस्थेत जबाबदारीही विभागली गेली. मागणी नोंदविणारी कंपनी एक, विक्रेता दुसरा आणि माल घेऊन येणारा तिसरा, अशी स्थिती उत्पन्न झाली. दारात उभा असलेला कामगार पूर्वीच्या वाण्याच्या नोकराप्रमाणे माल परत नेण्यास बहुधा मुखत्यार नसतो. आणि आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, असा पवित्रा बाजारमंच चालविणाऱ्या कंपन्या घेऊ लागल्या.

नवा कायदा व नियम : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. ऑनलाइन व्यवहार करणाऱ्या व्यक्तीचा ‘ग्राहक’ या व्याख्येत त्याने स्पष्टपणे अंतर्भाव केला. सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी पावतीवर मुदत नमूद असल्यास ती व नसल्यास तीस दिवसांची मुदत लागू होते. ग्राहक ज्या ठिकाणी राहतो वा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची सोय ही त्यातील मोठी सुधारणा होय. कंपनीचे कार्यालय परराज्यात असले, तरी नासिकच्या वा कोल्हापूरच्या ग्राहकास आता तेथे जावे लागत नाही.

या अधिनियमाखालील इलेक्ट्रॉनिक वाणिज्यविषयक नियम २३ जुलै २०२० रोजी जारी झाले. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एक महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन त्यांनी घातले. माल सदोष, बनावट, जाहिरातीतील वर्णनापेक्षा वेगळा किंवा कळविलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेला असल्यास विक्रेत्याला तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही; विलंब दैवी आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणाने झाला असेल तर मात्र अपवाद केला आहे. आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे ग्राहकाची संमती गृहीत धरण्यास मनाई आहे.

अन्य कायद्यांची यास जोड मिळाली आहे. वजनमापे व आवेष्टित वस्तू यांविषयीचे नियम आता २००९ च्या वैध मापन अधिनियमाखाली येतात. वेष्टनावरील आवश्यक तपशील, उत्पादनाचा महिना व वर्ष वगळता, संकेतस्थळावरही दाखविण्याची सक्ती १ जानेवारी २०१८ पासून झाली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये असे ठरवून दिले की, घरपोच दिलेल्या खाद्यपदार्थाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस पोचविण्याच्या वेळी शिल्लक असावेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरविले. न मागितलेली वस्तू वा सेवा यादीत घुसडणे आणि किंमतीतील आकार शेवटच्या टप्प्यावर उघड करणे हे त्यांपैकी दोन होत.

दाद मागण्याची रीत : तक्रारीचा निकाल पुष्कळदा माल आल्यानंतरच्या पहिल्या तासात जे केले जाते त्यावर अवलंबून असतो. माल शक्यतो दारातच पावतीशी ताडून पाहणे, कमतरता वा बिघाड आढळल्यास वेष्टनासह छायाचित्र घेणे, निव्वळ वजनाची खातरजमा करणे आणि नकार विनाविलंब लेखी स्वरूपात कळविणे इष्ट ठरते. मागणी नोंदविताना पडद्यावर दिसलेले वर्णन व किंमत यांची प्रतही जपून ठेवावी. कारण विक्रेत्याने ते नंतर बदललेले असू शकते. पैसे खात्यातून गेले पण मागणी नोंदली गेली नाही, अशा प्रसंगी रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा आधार मिळतो. युपीआयद्वारे व्यापाऱ्यास केलेल्या भरण्याची खातरजमा न झाल्यास रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावी व त्यापुढील विलंबास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असे त्यात सांगितले आहे.

कंपनीने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. हा तडजोडीचा मार्ग होय; तो निष्फळ ठरल्यास जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही व तक्रार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही दाखल करता येते. वजनातील तुटीबद्दल राज्याच्या वैध मापन यंत्रणेकडे आणि असुरक्षित अन्नाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे स्वतंत्रपणे दाद मागता येते. ग्राहक कायदा या उपायांची जागा घेत नाही, तो त्यांस पूरक आहे.

मूल्यमापन : कागदावर पाहता ग्राहकाची स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारली आहे. प्रत्यक्षात मात्र दोन अडचणी उरतात. पहिली काळाची होय. प्रयोगशाळेतील चाचणी लागत नसल्यास तक्रार तीन महिन्यांत व लागत असल्यास पाच महिन्यांत निकालात काढावी, असे कायदा सांगतो आणि चाचणीच्या अहवालास ४५ दिवस देतो. पालेभाजीची जुडी तितके दिवस टिकत नाही. पुरावा म्हणून तिचे छायाचित्रच काय ते उरते. यूरोपीय संघाच्या २०११ च्या निदेशाने दूरविक्रीतील माल चौदा दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क दिला, पण लवकर नासणारे पदार्थ त्यानेही वगळले. भारतात असा सर्वसाधारण हक्क कायद्याने दिलेला नसून दोष वा वर्णनभेद दाखवावा लागतो.

दुसरी अडचण रकमेची होय. चाळीस रुपयांच्या नासक्या टोमॅटोंसाठी आयोगापर्यंत जाणारा ग्राहक विरळा. कंपन्या बहुधा ही रक्कम निमूटपणे परत करतात. त्यामुळे एका ग्राहकाचे समाधान होते. पण अर्धा किलोच्या पुडीत सातत्याने कमी माल भरला जात असल्यास तो दोष उजेडात येत नाही. लहान तोटा अनेकांना होतो तेव्हा तो एकेकट्याने भांडून भरून निघत नाही. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकत्र तक्रार करण्याची तरतूद आणि ग्राहकवर्गाच्या वतीने स्वतःहून चौकशी करण्याचा केंद्रीय प्राधिकरणाचा अधिकार यांचे महत्त्व येथे आहे. या दोन्हींना तक्रारींची नोंद लागते. पैसे परत मिळाल्यावरही कमी वजनाची वा मुदत संपलेल्या मालाची तक्रार नोंदविणारा ग्राहक स्वतःपुरता काही मिळवीत नसला, तरी पुढील चौकशीचा आधार तोच निर्माण करतो. वाटपाच्या दिवशी एकत्र बसून माल पारखणाऱ्या कुटुंबांचे काम आता काही अंशी या नोंदींना करावे लागत आहे.